थॉमस अँड्र्यूज: ३१ अंशांचं कोडं सोडवणारा डॉक्टर

सोड्यात फसफसणारा कार्बन डायऑक्साइड लवंग-मिरीतून सुगंधी तेलही काढतो. याचा पाया थॉमस अँड्र्यूज यांनी घातला. अकरावीच्या केमिस्ट्रीत आपण त्यांचे आलेख काढतो, माणूस मात्र राहूनच जातो.

जन्म १८१३, बेलफास्ट. वडील लिननचे व्यापारी. अँड्र्यूज शिकले डॉक्टरकी, काही वर्षं प्रॅक्टिसही केली; पण ओढ रसायनशास्त्राची. शेवटी प्रॅक्टिस सोडून ते क्वीन्स कॉलेजात प्राध्यापक झाले.

तेव्हा प्रश्न होता: पुरेसा दाब दिला की कुठलाही वायू द्रव होतो का? त्यांनी जाड काचेच्या बारीक नळीत कार्बन डायऑक्साइड भरला आणि स्क्रू पिळत दाब वाढवला. १८६९ मध्ये उत्तर मांडलं: साधारण ३१ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबा, वेगळा द्रव दिसतच नाही. १८८५ मध्ये ते गेले. तेलाचे कारखाने खूप नंतर आले.

३१ अंश म्हणजे आमच्या वसईतली साधी दुपार! त्याच्या वर आणि हवेच्या ७३ पट दाबापलीकडे हा वायू मसाल्यात वायूसारखा शिरतो, तेल द्रवासारखं विरघळवतो. दाब सोडला की तो उडून जातो, तेल उरतं. वाफेच्या १०० अंशांत काही नाजूक वास बिघडतात. इथे ४०-५० अंशांत भागतं. मशीन मात्र महाग, कारण एवढा दाब पेलायचा असतो.

पहाटेच्या लोकलने दादरला जाणारा आमचा सोनचाफा संध्याकाळी मलूल होतो. असे वास न शिजवता टिकवायचे, तर सुरुवात अँड्र्यूजच्या नळीपासूनच होते.