जाक कुस्तो

मन्नारच्या आखातात मोती आणि शंख काढणारे पाणबुडे शतकानुशतके एका श्वासावर समुद्राचा तळ गाठत आले. छातीत भरून घेतलेली हवा संपली की वर यावेच लागे. तळाशी मिळणारा अवधी एक-दोन मिनिटांचा, फार तर थोडा अधिक. माणसाला माशाप्रमाणे पाण्याखाली मोकळेपणाने वावरता यावे, ही इच्छा फार जुनी होती. तिला व्यवहारात उतरवणाऱ्या मोजक्या माणसांत फ्रान्सचे जाक-ईव्ह कुस्तो यांचे नाव अग्रभागी आहे.

कुस्तो यांचा जन्म 11 जून 1910 रोजी बोर्दो शहराजवळच्या सेंत-आंद्रे-द-क्युबझाक या गावी झाला. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती, तरी पाण्याची ओढ मोठी होती. 1930 मध्ये त्यांनी नौदलाच्या प्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला. वैमानिक होण्याचे त्यांच्या मनात होते. परंतु एका मोटार अपघातात त्यांच्या दोन्ही हातांना गंभीर इजा झाली आणि आकाशाची वाट बंद झाली. हातांत पुन्हा बळ यावे म्हणून ते तूलाँजवळच्या समुद्रात रोज पोहू लागले. 1936 च्या सुमारास फिलिप ताये या नौदलातील सहकाऱ्याने त्यांना पाण्यात वापरायचा चष्मा दिला. तो लावून त्यांनी पाण्यात डोके घातले, तेव्हा डोळ्यांपुढे एक नवे जगच उघडले. ताये आणि फ्रेदेरीक द्युमा या दोन मित्रांसह ते आता सतत बुड्या मारू लागले.

अडचण एकच होती आणि ती श्वासाची होती. दर दहा मीटर खोलीमागे पाण्याचा दाब हवेच्या एका वातावरणाइतका वाढतो. पृष्ठभागापर्यंत लांब नळी लावून श्वास घ्यावा म्हटले, तर जेमतेम मीटरभर खोलीवरच छाती हवा ओढून घेऊ शकत नाही. म्हणून पाणबुड्याला मिळणारी हवा त्याच्या भोवतीच्या पाण्याइतक्याच दाबाची असावी लागते. कुस्तो यांनी त्या काळी उपलब्ध असलेली साधने एकामागून एक पारखून पाहिली. कमांडर ल प्रियर यांच्या उपकरणात पाठीवरच्या नळकांड्यातून हवा अखंड वाहत असे. झडप हाताने फिरवावी लागे आणि बरीचशी हवा वाया जाई. पंपाने वरून हवा पुरवणाऱ्या उपकरणाची नळी एकदा कुस्तो खाली असतानाच फुटली. पुढे त्यांनी शुद्ध प्राणवायूवर चालणारे यंत्र स्वतः जुळवले. ज्याच्यावाचून जीव जगत नाही, तोच प्राणवायू दाबाखाली विषासमान ठरतो, याचा अनुभव त्यांना दोनदा आला. पंधरा मीटरांच्या आसपास त्यांच्या शरीराला झटके आले. दुसऱ्या वेळी कमरेचे वजन सोडण्यापुरतेच भान उरले होते, म्हणून ते वाचले. इतक्या अनुभवानंतर दुसरा कोणी हा नाद सोडून देता, तर त्याला दोष देता आला नसता.

1937 मध्ये कुस्तो यांचा विवाह सिमोन मेल्किओर यांच्याशी झाला होता. सिमोन यांचे वडील एर लिकीद या वायू निर्माण करणाऱ्या कंपनीत अधिकारी होते. त्यांच्यामुळे डिसेंबर 1942 मध्ये पॅरिस येथे कुस्तो यांची गाठ एमिल गॅन्याँ या अभियंत्याशी पडली. फ्रान्स तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. पेट्रोल मिळत नसल्याने मोटारी वायूवर चालवल्या जात आणि त्यांना लागेल तेवढाच वायू पुरवणारी एक लहानशी झडप गॅन्याँ यांनी तयार केली होती. मोटारीला चालते ते माणसाला का चालू नये, या प्रश्नातून पुढचे सारे घडले. अशी मागणीनुसार हवा देणारी झडप रूकेरोल आणि देनेरूझ या फ्रेंच गृहस्थांनी 1860 नंतरच्या दशकात बनवलीही होती. मात्र भरपूर हवा दाबून साठवणारी मजबूत नळकांडी त्या काळी नव्हती.

या झडपेची रचना साधी आहे. एका गोल डबीत रबराचा पातळ पडदा असतो. त्याच्या एका बाजूस समुद्राचे पाणी, दुसऱ्या बाजूस श्वासाची हवा. पाणबुड्याने श्वास घेतला की आतला दाब उतरतो, पाणी पडद्याला आत ढकलते, पडदा तरफेला रेटतो आणि झडप उघडते. आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याएवढा झाला की पडदा जागेवर येतो आणि झडप आपोआप मिटते. पाणबुडा जितका खोल जाईल, तितक्या दाबाची हवा त्याला न मागता मिळते.

जानेवारी 1943 मध्ये मार्न नदीच्या थंड पाण्यात पहिली चाचणी झाली आणि ती फसली. कुस्तो आडवे पोहत असताना श्वास सुरळीत चाले. ते उभे राहिले की हवा भसाभस निसटून जाई. डोके खाली केले की श्वास ओढणे कठीण होई. दोघे निराश होऊन परतले, पण दोषाचा उलगडा लवकरच झाला. उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा आणि हवा आत येण्याची जागा यांत काही सेंटिमीटरांचे अंतर होते. शरीराची स्थिती बदलली की या दोन जागांवरील पाण्याचा दाब वेगळा होई. दोन्ही जागा शेजारी आणताच दोष नाहीसा झाला. इतक्या क्षुल्लक वाटणाऱ्या अंतरावर माणसाचे जगणे-मरणे अवलंबून होते!

जून 1943 मध्ये नवे उपकरण बांदोल येथे आले. सिमोन मुखवटा लावून पृष्ठभागावर तरंगत पतीवर लक्ष ठेवून होत्या. द्युमा मदतीला धावण्याच्या तयारीने किनाऱ्यावर बसले होते. कुस्तो खाली उतरले. ते पालथे झाले, उताणे झाले, डोके खाली करून उभे राहिले, त्यांनी कोलांट्या घेतल्या. श्वास कोठेही अडखळला नाही. युद्धामुळे अन्नाची टंचाई होती, तेव्हा एका कपारीतले शेवंडे घेऊनच ते वर आले.

उपकरण निर्दोष झाले, तरी धोका संपला नाही. ऑगस्ट 1946 मध्ये कुस्तो आणि द्युमा व्होक्लूझच्या खोल झऱ्यात उतरले असता दोघांचीही शुद्ध हरपू लागली. दोरीने ओढल्यामुळे ते कसेबसे बचावले. नंतर कळले की हवा भरणारा नवा कॉम्प्रेसर स्वतःच्याच इंजिनाचा धूर ओढून घेत होता आणि नळकांड्यांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू भरला गेला होता. पुढच्याच वर्षी मोरीस फार्ग हे सहकारी 120 मीटर खोलीवर गेले. दाबाखालील नायट्रोजनने मेंदूला आलेल्या गुंगीत त्यांच्या तोंडातील नळी सुटली आणि त्यांना प्राण गमवावे लागले. व्होक्लूझमध्ये याच फार्ग यांनी दोरी ओढून कुस्तोंना वाचवले होते. यानंतर कुस्तोंच्या गटाने खोलीची मर्यादा कठोरपणे आखून घेतली.

युद्धानंतर या उपकरणाचे कारखान्यात उत्पादन सुरू झाले. 1955 मध्ये ‘मिस्त्राल’ नावाची, कमी भागांची सुटसुटीत झडप निघाली. भाग जितके कमी, तितकी किंमत आटोक्यात आणि दुरुस्ती सोपी. ऑस्ट्रेलियातील टेड एल्ड्रेड यांनी 1952 मध्ये दोन नळ्यांच्या जागी एकच नळी असलेली झडप बाजारात आणली होती. पुढे तीच पद्धत जगभर रूढ झाली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 1983 पासून द्वारकेजवळच्या समुद्रतळाचा शोध घेतला, तोही अशीच उपकरणे पाठीवर बांधून. गॅन्याँ मात्र 1947 मध्ये कॅनडात गेले आणि प्रसिद्धीपासून दूरच राहिले.

प्रसिद्धी कुस्तोंच्या वाट्याला आली. 1950 मध्ये एका ब्रिटिश धनिकाने त्यांना ‘कॅलिप्सो’ हे जहाज वर्षाला एक फ्रँक एवढ्या नाममात्र भाड्याने दिले. या जहाजावरून केलेल्या चित्रणातून ‘नीरव जग’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट तयार झाला. त्याला 1956 मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. आज तो पाहताना मन अस्वस्थ होते, हेही सांगितले पाहिजे. त्यात प्रवाळांवर सुरुंग लावून मासे मारले जातात. जहाजावरील लोक शार्क माशांची निर्दयपणे कत्तल करतात. कुस्तो त्या वेळी समुद्राचे रक्षक नव्हते, ते समुद्र जिंकायला निघाले होते. त्यांची दृष्टी हळूहळू पालटली. 1960 मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याच्या योजनेला त्यांनी जाहीर विरोध केला. 1965 मध्ये त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी 100 मीटर खोलीवरच्या घरात सुमारे तीन आठवडे मुक्काम केला. तेथे नायट्रोजनची गुंगी टाळण्यासाठी श्वासाच्या हवेत हीलियम मिसळला होता.

1979 मध्ये त्यांचे धाकटे पुत्र फिलिप विमान अपघातात मरण पावले. सिमोन 1990 मध्ये गेल्या. जानेवारी 1996 मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका पडावाची धडक बसून ‘कॅलिप्सो’ बुडाले. ते वर काढण्यात आले, परंतु त्यावरून पुन्हा सफर करणे कुस्तोंच्या नशिबी नव्हते. 25 जून 1997 रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. सेंत-आंद्रे-द-क्युबझाक येथे, कुटुंबाच्या जागेत, त्यांचे दफन करण्यात आले.