अध्यापक-शास्त्रज्ञ डॉ. जॉन केर

शिक्षकानें इतरांनीं शोधलेलें ज्ञान मुलांपर्यंत पोंचवावें. नवें ज्ञान शोधणें हें मोठमोठ्या प्रयोगशाळांचें काम, अशी एक समजूत समाजांत रूढ आहे. ज्यांच्या चरित्रानें या समजुतीस चोख उत्तर मिळतें, अशा एका गृहस्थांची ओळख आमच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. हे गृहस्थ म्हणजे स्कॉटलंडचे डॉ. जॉन केर. प्रकाशशास्त्राचा कोणताही मोठा ग्रंथ उघडला तर त्यांत त्यांचें नांव सांपडतें. परंतु तें नांव धारण करणारा मनुष्य जवळजवळ सारें आयुष्य शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजांत गणित शिकवीत होता, हें फार थोड्यांना ठाऊक असतें.

केर यांचा जन्म १७ डिसेंबर १८२४ रोजीं स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील आर्ड्रॉसन या गांवीं झाला. त्यांचे वडील मासळीचे व्यापारी होते. बालपणींचें कांहीं शिक्षण स्काय बेटावरील एका खेड्याच्या शाळेंत झालें. १८४१ सालीं ते ग्लासगो विद्यापीठांत दाखल झाले. पुढें १८४६ सालीं विल्यम थॉम्सन, म्हणजेच नंतर लॉर्ड केल्विन या नांवानें जगप्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, तेथें प्राध्यापक म्हणून आले. त्यांना प्रयोगांसाठीं जागा मिळाली ती द्राक्षारस सांठविण्याच्या एका जुन्या तळघराची. त्या तळघरांत ज्या पहिल्या कांहीं विद्यार्थ्यांनीं संशोधनाचे धडे गिरविले, त्यांत केर हे एक होते. उत्तम जागेची व उंची उपकरणांची वाट पाहत बसूं नये, हातीं असेल त्यावर काम आरंभावें, हा धडा त्यांना तेथेंच मिळाला असावा.

गणित व पदार्थविज्ञान यांत नैपुण्य मिळविल्यावर त्यांनीं फ्री चर्चच्या कॉलेजांत धर्मशास्त्राचाही अभ्यास केला. हें फ्री चर्च १८४३ सालीं स्थापन झालें. मुंबईंत शिक्षणाचें मोठें कार्य करणारे डॉ. जॉन विल्सन हेही त्याच मंडळीचे मिशनरी होत. केर यांनीं मात्र पाळकाचें काम पत्करिलें नाहीं. १८५७ सालीं ग्लासगो येथील फ्री चर्च ट्रेनिंग कॉलेजांत ते गणिताचे अध्यापक झाले आणि १९०१ सालीं निवृत्त होईपर्यंत, म्हणजे ४४ वर्षें, त्यांनीं तीच एक जागा सांभाळिली. १८६७ सालीं त्यांनीं यंत्रशास्त्राच्या तत्त्वांवर एक पाठ्यपुस्तक लिहिलें व पुढच्याच वर्षीं ग्लासगो विद्यापीठानें त्यांस एल्‌एल्. डी. ही पदवी अर्पण केली. अध्यापनांतून उरलेल्या वेळांत ते आपल्या लहानशा प्रयोगशाळेंत काम करीत.

त्यांचा प्रश्न समजून घेण्यासाठीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. प्रकाश ही एक लाट आहे. साध्या प्रकाशांत तिचीं कंपनें सर्व दिशांना होतात. परंतु निकोल लोलक नांवाच्या स्फटिकांतून गेल्यावर एकाच दिशेचें कंपन शिल्लक राहतें. असे दोन लोलक एकमेकांशीं काटकोनांत ठेविले, तर पहिल्यांतून आलेला प्रकाश दुसरा अडवितो व पुढें अंधार होतो. चुंबकाच्या जोरानें कांचेंतून जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरते, असें मायकेल फॅरेडे यांनीं १८४५ सालीं दाखविलें होतें. पण विजेच्या ताणानेंही प्रकाशावर कांहीं परिणाम होतो काय, हा त्यांनीं केलेला शोध निष्फळ ठरला होता. फॅरेडेसारख्या प्रयोगकुशल पुरुषाला जें दिसलें नाहीं, तें नसेलच, असें कोणासही वाटावें. केर यांना तसें वाटलें नाहीं.

त्यांनीं जाड कांचेच्या एका तुकड्याला दोन्ही टोकांकडून छिद्रें पाडिलीं, मध्यें थोडेंसेंच अंतर राखिलें, आणि छिद्रांत तारा बसवून त्यांना विजेचा प्रखर दाब दिला. दोन लोलकांमध्यें ती कांच ठेविली असतां, जेथें अंधार होता तेथें हळूहळू उजेड दिसूं लागला. वीज बंद केली कीं तो हळूहळू मावळे.

येथेंच दुसरा एखादा मनुष्य आनंदानें थांबला असता. पण केर यांनीं आपल्याच यशाची उलटतपासणी केली. कांच दाबली किंवा ताणली तरीही असाच उजेड दिसतो, हें पूर्वीपासून ठाऊक होतें. मग हा परिणाम विजेचा, कीं विजेमुळें कांचेंत उत्पन्न झालेल्या एखाद्या ताणाचा? उजेड सावकाश वाढतो, हीही संशयाला जागाच होती. म्हणून त्यांनीं कांच बाजूस सारून द्रव पदार्थ घेतले. स्थिर द्रवांत असा ताण टिकून राहत नाहीं. कार्बन डायसल्फाइडसारख्या द्रवांत वीज देतांच उजेड आला व काढतांच गेला. संशय फिटला. १८७५ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला; त्या वेळीं केर पन्नाशीस पोंचले होते. पुढें क्ष-किरणांचा शोध लावणारे रोंटगेन यांनींही कांहीं वर्षांनीं याच विषयावर प्रयोग केले.

केर यांनीं या परिणामाचें मापही घेतलें. विजेचें बल दुप्पट केलें तर परिणाम दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. तिप्पट केलें तर नऊपट. कारण व कार्य यांचें प्रमाण जेथें असें सरळ रेषेंत चालत नाहीं, त्या प्रकाशविद्येस आज अरेषीय प्रकाशशास्त्र म्हणतात, आणि केर यांचा शोध हा तिचा एक आरंभबिंदू मानिला जातो. १८७६ सालीं त्यांनीं आणखी एक शोध जाहीर केला : चुंबकाच्या घांसून चकचकीत केलेल्या टोंकावरून परावर्तन पावणाऱ्या प्रकाशाचीही कंपनदिशा किंचित् फिरते. १८९० सालीं ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले व १८९८ सालीं त्यांस सोसायटीचें रॉयल मेडल मिळालें. ऑगस्ट १९०७ मध्यें ग्लासगो येथें त्यांचा अंत झाला.

त्यांच्या पश्चात् या शोधाचा विस्तार झाला. द्रवानें भरलेली व दोन धातुपट्ट्या असलेली केर-पेटी हें प्रकाशाचें अतिशय चपळ दार ठरलें. दूरचित्रवाणीच्या आरंभींच्या प्रयोगांत आणि प्रकाशाचा वेग मोजण्याच्या कामीं तिचा उपयोग झाला. १९६० सालीं लेसर आला व नवें दालन उघडलें. प्रकाश ही स्वतःच विजेची व चुंबकत्वाची लाट असल्यामुळें लेसरचा प्रखर झोत कोणतीही बाहेरची वीज न देतां कांचेचा गुणधर्म बदलूं शकतो. याच गुणाचा आश्रय करून १९९१ सालीं स्कॉटलंडच्याच सेंट अँड्र्यूज विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं लेसरमधून अत्यंत अल्पकाळाचे प्रकाशस्पंद मिळविले. एका सेकंदाचे दहा लाख भाग करावे, त्यांतील एकाचे पुनः दहा लाख भाग करावे, अशा एका सूक्ष्म भागाहूनही हे स्पंद अल्पकाळ टिकतात. या जातीच्या लेसरांनीं आज डोळ्यांच्या नाजूक शस्त्रक्रिया होतात व रासायनिक क्रिया घडत असतांना न्याहाळतां येतात.

केर यांना यांपैकीं कशाचीही कल्पना असणें शक्य नव्हतें. त्यांच्यापुढें होता तो एक प्रश्न, थोडा फावला वेळ, आणि अंधारांत दिसणारा मंद उजेड. त्या उजेडाला भुलून न जातां तो खरा कीं खोटा, हें त्यांनीं आधीं पाहिलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रयोगवहींत उत्तर लिहितांना आणि पालकांनीं मुलांच्या केवळ गुणांकडे पाहतांना ही गोष्ट आठवावी. अपेक्षेप्रमाणें आलेलें उत्तर पुनः एकदां तपासण्याची संवय ज्याला लागली, त्याचें शिक्षण खऱ्या अर्थानें सुरू झालें, असें आम्ही समजतों.