टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या माणसाचं नाव आज हजारो दीर्घिकांना आहे

कार्ल सेफर्ट हार्वर्डला गेले ते डॉक्टर व्हायला. तिथं बार्ट बॉक यांची खगोलशास्त्राची व्याख्यानं ऐकली आणि बेतच फिरला. जन्म १९११ चा, क्लीव्हलँडचा. १९३६ मध्ये पीएचडी हातात.

१९४३ मध्ये त्यांनी सहा दीर्घिकांवर एक पेपर छापला. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी अब्जावधी ताऱ्यांची वस्ती. या सहांच्या मधला ठिपका भलताच तेजस्वी होता. त्या प्रकाशाचा वर्णपट सांगत होता की आतला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने पळतोय. आज आपल्याला माहितीये, तिथं महाकाय कृष्णविवर वायू गिळत असतं. पण तेव्हा महायुद्ध सुरू होतं, सेफर्ट स्वतः सैनिकांना दिशादर्शन शिकवत होते. पेपरकडे कित्येक वर्षं कुणी फारसं पाहिलंच नाही.

१९४६ मध्ये ते नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात आले. तिथं होती ६ इंची दुर्बीण! मग हा माणूस गावातल्या व्यापाऱ्यांकडे मदत मागत फिरला आणि १९५३ मध्ये २४ इंची दुर्बिणीची डायर वेधशाळा उभी राहिली. मधल्या काळात स्थानिक टीव्हीवर हवामानही सांगितलं.

१९५१ मध्ये त्यांनी एकमेकींना खेटून दिसणाऱ्या सहा दीर्घिकांचा गट नोंदवला, सेफर्टचं षटक. गंमत म्हणजे त्यात खऱ्या शेजारणी चारच. पाचवी खूप मागे आहे, फक्त आपल्या नजरेच्या रेषेत येते. सहावी म्हणजे ओढाताणीत बाहेर फेकल्या गेलेल्या ताऱ्यांचं शेपूट. आकाशात जवळ दिसणं वेगळं आणि खरोखर जवळ असणं वेगळं. अंतर मोजल्याशिवाय दीर्घिकांची गर्दी कळत नाही, ती यामुळेच.

१३ जून १९६० ला कार अपघातात ते गेले. वय ४९. तीनच वर्षांनी क्वेसारचा उलगडा झाला आणि सगळे १९४३ च्या पेपरकडे धावले, कारण सेफर्ट दीर्घिका म्हणजे क्वेसारच्याच जवळच्या, सौम्य बहिणी.

त्या राहतात कुठे? हजारो दीर्घिकांची अंतरं मोजल्यावर दिसलं की आपल्या परिसरातल्या दाट, मोठ्या गुच्छांत त्या तुलनेनं कमी, मोकळ्या जागी आणि छोट्या गटांत जास्त. मोठ्या गुच्छात दीर्घिका इतक्या वेगाने पळतात की एकमेकींत मिसळायला उसंत नसते, शिवाय गुच्छातला तप्त वायू त्यांचा थंड वायू ओरबाडून नेतो. मग कृष्णविवराला खायला काय मिळणार? अपवाद आहेतच, आणि एक तर सेफर्ट यांच्या मूळ सहांतलाच: एनजीसी १२७५, ययाती गुच्छाच्या अगदी मध्यभागी.