लिओ झिलार्ड आणि चिमूटभर बोरॉन

लिओ झिलार्ड हा मूळचा आपल्यातलाच. जन्म बुडापेस्टचा, १८९८ चा. आधी इंजिनिअरिंगला गेला, मग बर्लिनला जाऊन फिजिक्सकडे वळला. १९३३ मध्ये हिटलर आला आणि याने जर्मनी सोडली. पुढची कित्येक वर्षं हॉटेलच्या खोल्यांत, बॅगा भरलेल्या ठेवून काढली. (होस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको!)

त्याच वर्षी लंडनमध्ये त्याला न्यूट्रॉनच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. १९३९ मध्ये तो न्यूयॉर्कला फर्मीबरोबर कामाला लागला. न्यूट्रॉनचा वेग कमी करायला ग्रॅफाइट हवं होतं, पण बाजारातलं ग्रॅफाइट न्यूट्रॉनच खायचं. झिलार्डला संशय आला बोरॉनचा. बोरॉन-१० न्यूट्रॉन गिळतं आणि त्यातून लिथियम व अल्फा कण निघतात. म्हणूनच तर न्यूट्रॉन मोजायच्या नळ्यांना आतून बोरॉनचा पातळ थर देतात. पण ग्रॅफाइटमध्ये दहा लाखांत दोन-चार भाग बोरॉन असलं तरी घोटाळा! झिलार्डने कंपन्यांच्या मागे लागून शुद्ध ग्रॅफाइट बनवून घेतलं. वर, आपले आकडे छापायचे नाहीत असा हट्ट धरला. फर्मी भडकला, पण शेवटी ऐकलं. मला तर तो न छापलेला पेपरच त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं. कारण १९४१ मध्ये जर्मनीत बोथेने ग्रॅफाइट मोजलं, अशुद्धीमुळे ते नापास झालं आणि जर्मन जड पाण्याकडे वळले.

२ डिसेंबर १९४२ ला शिकागोत पहिली अणुभट्टी चालली. जुलै १९४५ मध्ये याच झिलार्डने अर्ज लिहिला: शरणागतीच्या अटी जाहीर केल्याशिवाय जपानवर बॉम्ब टाकू नका. ७० सह्या झाल्या. अर्ज ट्रुमनपर्यंत पोचलाच नाही. युद्धानंतर तो जीवशास्त्रात रमला आणि १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात वारला.