चौकातले चिमासाहेब

सुट्टी संपवून आपण चंदगडहून एस.टी.ने कोल्हापूरला येतो. सीपीआर हॉस्पिटलजवळचा चिमासाहेब चौक आपल्याला फक्त पत्ता सांगण्यापुरता माहीत असतो. पण हे चिमासाहेब कोण, असं विचारलं तर बरेच जण गप्प. मी पण त्यातलाच होतो.

चिमासाहेब म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती शिवाजी ऊर्फ बाबासाहेब महाराज यांचे धाकटे भाऊ. १८३८ मध्ये वडील वारले तेव्हा दोघेही लहान होते. पुढच्या काही वर्षांत इंग्रजांनी कारभार हातात घेतला. गडकऱ्यांच्या पिढीजात हक्कांवर गदा आली, म्हणून १८४४ मध्ये उठाव झाला, तो आपल्या वाटेवरच्या सामानगडावर. इंग्रजांनी तोफा लावून गड घेतले, तट पाडले. गादीवर छत्रपती, पण हुकूम साहेबाचा! अशा राजधानीत चिमासाहेब मोठे झाले.

३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरातल्या २७ व्या पलटणीने बंड केलं. कर्नल जेकब आला, त्याने पलटणीची हत्यारं काढून घेतली आणि शहरावर पहारा बसवला. तरी ६ डिसेंबरला पहाटे बंडवाल्यांनी शहराच्या वेशी आतून बंद केल्या. गंगावेस, रंकाळा वेस ही आपल्यासाठी बसस्टॉपची नावं, पण तेव्हा शहराला खरोखरचे दरवाजे होते. ते बंद म्हणजे गावात येणं-जाणंच बंद. जेकबने दरवाजा फोडून त्याच दिवशी शहर घेतलं. पकडलेल्यांची तिथल्या तिथे चौकशी करून अनेकांना ठार मारलं. घराघरात काय भीती असेल, विचार करा!

या सगळ्यामागे चिमासाहेब आहेत, असा इंग्रजांना संशय होता. उघड खटला न चालवताच १८५८ मध्ये त्यांना समुद्रमार्गे कराचीला नेऊन ठेवलं. थोरले भाऊ गादीवर होते, पण त्यांना सोडवू शकले नाहीत.

१८६६ मध्ये बाबासाहेब वारले. त्यांना मुलगा नव्हता. भाऊ कराचीत जिवंत होता, पण गादीवर आले दत्तक घेतलेले भाचे राजाराम महाराज. चिमासाहेब १८६९ मध्ये कराचीतच गेले. त्यांना कोल्हापूर परत दिसलंच नाही.

आपण महिन्याभराने घरी गेलो तरी आई दारात उभी असते. त्यांची अकरा वर्षं कशी गेली असतील? पुढच्या वेळी त्या चौकातून जाताना मित्राला एवढं तरी नक्की सांगा.