ख्रिस्तचरणी अभंग वाहणारा कवी : रेव्हरंड नारायण वामन टिळक

आज नाताळ. आपल्या छत्रपती संभाजीनगरातील चर्चमधून मराठी नाताळगीतांचे सूर ऐकू येतील. तरुणांच्या गायकवृंदात आता गिटार आणि की-बोर्ड आले आहेत. तरीही एखाद्या गीताची चाल थेट आपल्या भजनाची वाटते आणि कान क्षणभर तेथेच रेंगाळतात. ही चाल तेथवर पोहोचविणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. नाशिकास त्यांनी गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन केले. काव्य, वक्तृत्व व कीर्तन यांची त्यांना उपजत आवड होती. पुढे नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला. दीर्घ मनोमंथनानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाचे मोल घरानेही मोजले. आप्तेष्ट दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. त्यांच्यावर तर आकाशच कोसळले. पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. अखेर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या आणि १९०० साली, स्वतःच्या विचाराने, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्या व्यथेची कहाणी त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त निर्मळपणे सांगितली आहे.

टिळकांचे कार्यक्षेत्र झाले अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. तेथील उपासनेत इंग्रजी स्तोत्रांची मराठी रूपांतरे परदेशी चालींवर गायली जात. चार आवाजांनी चार निरनिराळ्या स्वरपंक्ती एकाच वेळी गाव्यात, ही त्या संगीताची रीत. ती सुंदर खरी. परंतु मराठी शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ त्या चालींत मोडत आणि भजनावर वाढलेल्या माणसाला ते गाणे परके वाटे. भजनात एकाने चरण म्हणावा, सर्वांनी तो उचलावा, पुनःपुन्हा ध्रुपदावर यावे. निरक्षरालाही गाणे आपोआप पाठ होते. हे मर्म टिळकांनी जाणले.

वाट सर्वस्वी नवी नव्हती. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीच गोमंतकात छापले गेले होते, आणि नगरात कृष्णराव रत्नाजी सांगळे ख्रिस्ती कीर्तने करीत असत. टिळकांनी या वाटेवर आपली समर्थ काव्यप्रतिभा आणली. त्यांची पदे व अभंग मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त रुजले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य मात्र अपूर्ण राहिले. पतीच्या पश्चात ते लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले.

तुकोबांच्या वाणीच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी टिळकांची धारणा होती. १९१७ साली मिशनची वेतनी सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात स्थान होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

एकनाथांच्या पैठणच्या छायेत नामसंकीर्तन करणाऱ्या आम्हा मंडळींना त्यांचे धर्मांतर पटेलच असे नाही. मलाही त्याचे शल्य वाटत आले आहे. पण शल्य उरी बाळगूनही एक गोष्ट मान्य करावी लागते. टिळकांनी पंथ बदलला, मातृभाषा टाकली नाही. देवालय बदलले, टाळ खाली ठेवला नाही. मायबोलीवाचून भक्तीला कंठ फुटत नाही, हे त्यांनी परक्या वेदीसमोर उभे राहून सिद्ध केले. आज गिटारच्या साथीने ती पदे गाणारी मुलेही त्याच रीतीने जुने व नवे एकत्र गुंफीत आहेत.

शेजारच्या घरी आज दीप उजळेल, मराठी गीत उमटेल. आपण ते आदराने ऐकावे. त्यातील लय आपल्याच अंगणातून गेलेली आहे.