भास्कराचार्य आणि वर्गसमीकरणाच्या वाटा

प्राचीन भारतीय ग्रंथकारांचे चरित्र लिहू लागले की पहिली अडचण बहुधा काळाची येते. ग्रंथ हाती असतो, परंतु ग्रंथकार केव्हा झाला हे ठरविण्यासाठी तर्कावर विसंबावे लागते. भास्कराचार्यांच्या बाबतीत ही अडचण त्यांनी स्वतःच दूर करून ठेवली आहे. आपला जन्म शके १०३६ मध्ये झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी आपण सिद्धान्तशिरोमणी रचला, असे त्यांनी गोलाध्यायात नमूद केले आहे. म्हणजे जन्म इ. स. १११४ चा आणि ग्रंथरचना इ. स. ११५० ची. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे या ग्रंथाचे चार भाग. पुढे करणकुतूहल हा पंचांगगणिताचा सुटसुटीत ग्रंथ त्यांनी शके ११०५ मध्ये, म्हणजे वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी लिहिला. तेहतीस वर्षांचे अंतर असलेल्या या दोन ग्रंथांच्या मध्ये एका अध्यापकाचे दीर्घ आयुष्य उभे आहे.

त्यांचे गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. घराण्यात विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. पूर्वज त्रिविक्रम हे कवी म्हणून, तर त्यांचे पुत्र भास्करभट्ट हे भोजराजाकडून विद्यापती ही पदवी मिळविणारे पंडित म्हणून शिलालेखात उल्लेखिले गेले आहेत. वंशात चालत आलेल्या विद्येचे ओझे होऊ न देता तिची नव्याने मांडणी करणे हे भास्कराचार्यांचे वैशिष्ट्य होय.

आपले गाव त्यांनी सह्य पर्वताच्या आश्रयाचे विज्जडविड असे सांगितले आहे. या एका नावावरून पुष्कळ वाद झाला. नावाच्या साम्यामुळे काहींनी ते विजापूर मानले. तथापि विजापूर सह्याद्रीच्या पायथ्याचे नव्हे. उज्जयिनीच्या वेधशाळेचे ते प्रमुख होते असेही वारंवार लिहिले जाते. परंतु त्यांच्या ग्रंथांत उज्जयिनी येते ती मध्यरेखेवरील नगरी म्हणून, आपले कार्यस्थान म्हणून नव्हे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखाने मात्र या घराण्याचा खानदेशाशी असलेला निकट संबंध निर्विवादपणे दाखविला. तो लेख पुढे सविस्तर पाहावयाचा आहे. आज कन्नड, मराठी आणि माळव्यातील लोक आपापल्या परीने या आचार्यांवर हक्क सांगतात, यात वावगे काही नाही. परंतु त्यांचे मोठेपण कोठे आहे हे पाहावयाचे तर गावापेक्षा ग्रंथाकडे वळावे लागते.

त्या ग्रंथातील एकच विषय घेऊ. शाळेत वर्गसमीकरण शिकताना विद्यार्थ्याला आज अवयव पाडणे, वर्ग पूर्ण करणे आणि सूत्र वापरणे अशा तीन रीती सांगितल्या जातात. एकच उत्तर काढावयाचे असताना इतक्या रीती कशाला, असा प्रश्न त्याच्या मनात येतो. भास्कराचार्यांनी या प्रश्नाला आठशे वर्षांपूर्वी उदाहरणांनीच उत्तर दिले आहे.

लीलावतीत भ्रमरांचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ इतके भुंगे मालतीकडे गेले. सगळ्या थव्याचे आठ नवमांशही निघून गेले. रात्री सुगंधाला भुलून कमळात अडकलेला एक भुंगा आत गुणगुणतो आहे आणि एक भ्रमरी बाहेरून त्याला प्रतिसाद देते आहे. तर एकंदर भुंगे किती? लीलावती हे व्यक्त गणित, म्हणजे अंकगणित. तेथे अव्यक्त राशी मानावयाची नाही. म्हणून आचार्य येथे गुणकर्माची रीत लावतात. निम्मा थवा ही राशी धरली की दृश्य भ्रमर दोहोंऐवजी एक आणि मुळाचा गुणक एक द्वितीयांश होतो. आठ नवमांश वजा जाता उरलेल्या एक नवमांशाने दोहोंना भागले की दृश्य ९ आणि गुणक साडेचार येतो. गुणकाच्या निम्म्याचा, म्हणजे सव्वादोनचा वर्ग दृश्यात मिळवावयाचा. बेरीज चौदा पूर्णांक एक षोडशांश. तिचे वर्गमूळ पावणेचार. त्यात सव्वादोन मिळविले की ६. याचा वर्ग ३६, आणि दुप्पट ७२. थव्यात बहात्तर भुंगे होते.

रीत अचूक आहे, पण अपूर्णांकांनी भरलेली आहे. बीजगणितात तोच प्रश्न वेगळ्या वाटेने सुटतो. तेथे अज्ञात राशीला यावत्तावत् हे नाव आहे आणि तिचे आद्याक्षर या हे तिचे चिन्ह. अज्ञात राशी अनेक असल्या तर पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे मिळतात. ज्ञात संख्येला रूप म्हणतात. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देतात. समीकरणात वर्ग, अव्यक्त आणि रूप अशी तीन पदे असली तर मधले पद नाहीसे करून वर्गमूळ काढावयाचे, म्हणून या प्रकरणाचे नाव मध्यमाहरण. दोन्ही पक्षांना योग्य अशा संख्येने गुणावे किंवा भागावे आणि दोहोंत असे काही मिळवावे की अव्यक्ताच्या पक्षाचे मूळ सुटावे, हे तत्त्व आचार्य प्रथम सांगतात. काय गुणावे आणि काय मिळवावे हे मात्र ते श्रीधराचार्यांच्या नियमाने सांगतात आणि तो नियम श्रीधरांचा आहे हे स्पष्ट नोंदवितात. वर्गाच्या गुणकाच्या चौपटीने दोन्ही पक्ष गुणावयाचे आणि अव्यक्ताच्या मूळ गुणकाचा वर्ग दोहोंत मिळवावयाचा, असा तो नियम आहे.

भ्रमरांच्या उदाहरणात थव्याची संख्या अव्यक्ताच्या वर्गाची दुप्पट मानली की मांडणी अशी होते: अव्यक्ताच्या वर्गाची दुप्पट उणे अव्यक्ताची नऊपट बरोबर १८. आता दोनाची चौपट ८. तिने दोन्ही पक्ष गुणले की १६ वर्ग उणे ७२ अव्यक्त बरोबर १४४. दोहोंत नवाचा वर्ग ८१ मिळविला की उजवीकडे २२५. वर्गमुळे घेतली की अव्यक्ताची चौपट उणे ९ बरोबर १५. म्हणजे अव्यक्त ६ आणि भुंगे ७२. उत्तर तेच आले, परंतु वाटेत एकही अपूर्णांक आडवा आला नाही. एकच प्रश्न दोन रीतींनी सोडविण्याचे प्रयोजन यातून आपोआप स्पष्ट होते. पहिल्या रीतीने अंकांवरचा हात बसतो. दुसरीने प्रश्नाचा आकृतिबंध दिसतो आणि कोणती वाट केव्हा सोपी हे विद्यार्थ्याला कळू लागते.

हे ज्ञान एकट्याचे नाही, याची आचार्यांना पूर्ण जाणीव होती. आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्ये व्याजाच्या एका प्रश्नात वर्गसमीकरणाची उकल दिली होती; ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये तिचे नियम सांगितले होते. बीजगणिताच्या अखेरीस भास्कराचार्य म्हणतात की ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची बीजे फार विस्तृत असल्यामुळे शिष्यांच्या संतोषासाठी आपण त्यांचे सार काढले. यातील श्रीधरांचे बीजगणित आज लुप्त झाले आहे, पद्मनाभांचेही तसेच. श्रीधरांचा तो नियम जगाला माहीत आहे तो भास्कराचार्यांनी त्यांच्या नावानिशी उतरवून घेतला म्हणून. नियम नाव न घेता वापरला असता तर शिकणाऱ्याचे काही अडले नसते. परंतु एका पूर्वसूरीचे श्रेय कायमचे पुसले गेले असते.

आचार्य पूर्वसूरींचा मान ठेवतात, पण त्यांचे म्हणणे तपासल्याशिवाय स्वीकारीत नाहीत. वर्गसमीकरणाला दोन उत्तरे येऊ शकतात हे सांगताना पद्मनाभांच्या नियमाला त्यांनी मर्यादा घातली: दोन उत्तरे घ्यावयाची ती काही ठिकाणीच. यासाठी दिलेली वानरांची दोन उदाहरणे अध्यापनकलेचा नमुनाच आहेत. एका कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग इतकी वानरे रानात उड्या मारीत आहेत आणि बारा डोंगरावर आहेत. येथे उत्तर ४८ येते आणि १६ ही येते. अठ्ठेचाळीसचा अष्टमांश सहा, त्याचा वर्ग छत्तीस, आणि बारा मिळून अठ्ठेचाळीस. सोळाचा अष्टमांश दोन, त्याचा वर्ग चार, आणि बारा मिळून सोळा. दोन्ही उत्तरे खरी आहेत. दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून केलेला वर्ग इतकी वानरे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसते. गणिताने उत्तरे ५० आणि ५ अशी येतात. परंतु पाचाच्या पंचमांशातून तीन वजा जात नाहीत, बाकी ऋण राहते. आणि ऋण वानरे लोकांना पटत नाहीत. म्हणून दुसरे उत्तर सोडून द्यावयाचे. गणिताने दिलेले उत्तर प्रश्नातील वस्तुस्थितीशी ताडून पाहावे, हा धडा एवढ्या छोट्या उदाहरणाने इतका स्वच्छ दिला गेला आहे. त्याच शिस्तीने ते सांगतात की ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कोणाचाही वर्ग नव्हे.

या शिस्तीचे मूळ त्यांच्या दृष्टीत आहे. उपपत्ती जाणल्याशिवाय गणकाला विद्वानांच्या सभेत प्रतिष्ठा मिळत नाही, असे त्यांचे मत होते. बुद्धी हेच खरे बीज. वर्ण आणि चिन्हे ही केवळ तिच्या साहाय्यासाठी, असेही ते मानीत. म्हणूनच सिद्धान्तशिरोमणीवर त्यांनी स्वतःच वासनाभाष्य लिहून कारणमीमांसा केली. एकसष्टपट वर्गात एक मिळविला असता पूर्ण वर्ग यावा, असा वर्ग कोणता, या बिकट प्रश्नाचे चक्रवाल पद्धतीने त्यांनी काढलेले उत्तर नऊ अंकी संख्येच्या वर्गाचे आहे. युरोपात फर्माने हाच प्रश्न इ. स. १६५७ मध्ये गणितज्ञांपुढे ठेवला.

लीलावती ही त्यांची बालविधवा मुलगी होती आणि घटिकापात्रात पडलेल्या मोत्यामुळे तिचा मुहूर्त टळला, ही कथा महाराष्ट्रातही घरोघर सांगितली जाते. ती येते अकबराच्या आज्ञेवरून फैजीने इ. स. १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून. आचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथात तिला आधार नाही. कथा हृद्य असली तरी तिच्यामुळे ग्रंथाचा खरा इतिहास झाकला जाऊ नये. तो इतिहास टीकाकारांचा आहे. पार्थपूरच्या सूर्यदासांनी इ. स. १५३८ मध्ये बीजगणितावर, नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी इ. स. १५४५ मध्ये लीलावतीवर आणि मूळच्या विदर्भातील घराण्यातले, जहांगिराच्या आश्रयाला असलेले कृष्ण दैवज्ञ यांनी बीजगणितावर टीका लिहून उपपत्ती विशद केल्या. इ. स. १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आणले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात आचार्यांचा साक्षेपी परामर्श मराठीत घेतला, आणि १९७१ मध्ये ना. ह. फडके यांच्या लीलावती पुनर्दर्शनाने ती मराठी वाचकांना पुन्हा भेटली.

या परंपरेचा आरंभ पाटणच्या शिलालेखात दिसतो. डॉ. भाऊ दाजी यांनी तो १८६५ मध्ये विद्वानांपुढे आणला. आचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने याच गावातून नेऊन पंडितांचे अग्रणी केले. नातू चांगदेव हे सिंघण राजाचे मुख्य ज्योतिषी झाले. या चांगदेवांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणला मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेव या मांडलिकाने शके ११२८ मध्ये त्याला दान दिले. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असला तरी दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे, कारण तो बाजारातल्या माणसांना कळावयाचा होता. पाटणच्या पेठेत माल विकला जाई तेव्हा ग्राहकाकडून राजाला मिळणारा कर मठाला द्यावयाचा आणि प्रत्येक तेलघाण्यामागे एक पळी तेल द्यावयाचे, अशी ती व्यवस्था होती.

श्रीधरांच्या बीजगणिताला असा मठ लाभला नाही, ते गेले. भास्कराचार्यांचे राहिले, कारण ग्रंथ उत्तम होता एवढेच नव्हे, तर तो वाचला जावा म्हणून वाणी आणि तेली यांच्यापासून राजापर्यंत सगळ्यांचा थोडाथोडा वाटा त्यात पडला. गावोगावची ग्रंथालये सभासदांच्या लहानशा वर्गणीवर शंभर वर्षे उभी राहतात, तेव्हा पाटणच्या पेठेतली तीच रीत पुढे चाललेली असते. भास्कराचार्यांच्या ग्रंथाची प्रत जेथे कपाटातून काढून वाचली जाते, ते त्यांचे गाव मानावयास हरकत नसावी.